बास्केटबॉल कोर्ट : खर्च किती आणि कोणाचा?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, इंदूर येथे, पटांगण उपसमितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असे म्हणतात. आपले मंडळ मात्र गेले आठ महिने कोर्टावरूनच भांडत आहे. फरक एवढाच की हे कोर्ट वकिलांचे नसून बास्केटबॉलचे आहे. मागच्या सभेत आवाज फार चढले, तेव्हा अध्यक्षांनी आम्हा तिघांची उपसमिती नेमली आणि "आधी हिशेब करा, मग भांडा" असे सांगितले. आम्ही तिघेही खेळाडू नाही. एक निवृत्त ओव्हरसियर, एक शाळेतल्या बाई आणि हे चार शब्द वाचणारा बँकेतला कारकून. त्यामुळे खेळाची महती सांगण्याच्या फंदात आम्ही पडत नाही. आकडे सांगतो. आकड्यांना पक्ष नसतो, जात नसते आणि भाषाही नसते.

प्रश्न आपल्या सर्वांना ठाऊक आहे. सभागृहामागचे पटांगण ४० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद आहे. तिथे आपण गणपतीचा मांडव घालतो, कोजागरीला दूध आटवतो आणि उरलेले वर्ष तिथे गाड्या उभ्या असतात. आमच्या लहानपणी याच पटांगणात एका लोखंडी खांबाला कापड गिरणीतल्या मिस्त्रींनी रिंग वेल्ड करून दिली होती. तिला कधी जाळी नव्हती आणि मागचा बोर्ड पॅकिंगच्या फळ्यांचा होता. आमची अख्खी पिढी तिच्यावर खेळली. तो खांब गंजून पडला त्यालाही आता बरीच वर्षे झाली.

आता एका लोकप्रतिनिधींनी निधीतून १० लाख रुपये देण्याची तयारी दाखवली आहे. पूर्ण कोर्ट बांधून देऊ, उद्घाटनाला या, असे त्यांचे म्हणणे. आपल्यातले काही म्हणतात, घरी चालून आलेली लक्ष्मी परत पाठवू नका. काही म्हणतात, कोर्ट नकोच, फरशी घालून लग्नासाठी लॉन करा, चार पैसे तरी मिळतील. आणि ज्येष्ठ विचारतात, मग आमचा गणपती बसवायचा कुठे? तिन्ही बाजूंचे म्हणणे आम्ही मनापासून ऐकले आणि मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम मापे. बास्केटबॉलचे पूर्ण मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद असते. रेषेबाहेर चारी बाजूंनी निदान २ मीटर मोकळी जागा लागते, नाहीतर धावत आलेला मुलगा थेट जाळीवर आदळेल. म्हणजे ३२ गुणिले १९, एकूण ६०८ चौरस मीटर. आपल्या हिशेबाच्या भाषेत सुमारे ६,५४५ चौरस फूट. जागेत हे बसते, पण पटांगणाच्या एका टोकाला जेमतेम ८ मीटरची पट्टी उरते. मांडवाचा प्रश्न काल्पनिक नाही, हे ज्येष्ठांना आम्ही पहिल्यांदा मान्य करून टाकतो.

आता खर्च. आम्ही तीन ठेकेदारांकडून दर मागवले, ते शेजारी शेजारी मांडले आणि मधले, जरा गोल केलेले आकडे घेतले. उद्या यात पाच-दहा टक्के इकडे-तिकडे होईल, पण प्रमाण बदलणार नाही.

माती खोदून बाहेर टाकणे, मुरूम भरणे आणि रोलर फिरवणे : ३,२०,००० रुपये.
काँक्रीटचा पाया : ४,९०,०००.
वरचे ॲक्रिलिकचे थर आणि रेषा : २,९५,०००.
दोन खांब, बोर्ड आणि रिंगा : १,४०,०००.
भोवतालची १०२ मीटर जाळी : २,७५,०००.
दिवे : १,५०,०००.
पाण्याचा निचरा : ६०,०००.
एकूण १७,३०,०००. त्यावर १८ टक्के जी.एस.टी., म्हणजे ३,११,४००. सगळे मिळून २०,४१,४०० रुपये.

आता यात एक गंमत पाहा. ज्याला बघणारा बास्केटबॉल कोर्ट म्हणतो, तो निळा-लाल रंग, त्या पांढऱ्या रेषा, ते खांब आणि रिंगा, त्यांचा खर्च ४,३५,०००. एकूण कामाच्या बरोबर चार आणे. बाकीचे बारा आणे माती, काँक्रीट, जाळी, दिवे आणि गटार यांचे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण आपण हसण्यासाठी वापरतो. इथे मात्र मसाला काढला की कोंबडीही जाते.

का, ते सांगतो. आपण माळव्यात राहतो. आपल्या पायाखाली काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर माती वर-खाली होते आणि काँक्रीट मधोमध तडकते. म्हणून आधी निदान दोन फूट माती काढायची, तिच्या जागी मुरूम भरायचा, थर देत, पाणी मारत, रोलरने दाबायचा. दोन फूट ऐकायला थोडे वाटते. पण ६०८ चौरस मीटरवर दोन फूट म्हणजे सुमारे ३६५ घनमीटर, शंभर घनफुटी ट्रॉली धरली तर जवळजवळ १३० ट्रॉल्या. खोदलेली माती सैल होऊन फुगते, ते धरले तर आणखी. तेवढी माती बाहेर जाणार आणि तेवढाच मुरूम आत येणार. हे काम फोटोत दिसत नाही. त्याच्यावर कोणी फीत कापत नाही. म्हणूनच १० लाखांच्या त्या प्रस्तावात हे काम धरलेलेच नाही. "वरून चार इंच टाकून देऊ, काही होत नाही," असे आम्हाला तोंडी सांगण्यात आले.

काही होते की नाही, ते आम्ही पाहून आलो. जवळच्याच एका वसाहतीत असेच निधीतले कोर्ट उन्हाळ्यात झाले, ढोल वाजले, फोटो निघाले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर त्याच्या मधल्या भेगेत आमच्या ओव्हरसियर साहेबांची पट्टी उभी राहिली. आज तिथे पापड वाळतात. दोष कोणाचा हे ठरवायला आम्ही गेलो नव्हतो आणि आज नावही घेत नाही. आम्ही फक्त एवढे शिकलो की तिथे पैसा कमी पडला नाही, तो चुकीच्या थरावर खर्च झाला.

काँक्रीटबद्दल दोन गोष्टी. चार इंच जाडी म्हणजे साधारण ६१ घनमीटर काँक्रीट, आणि घनमीटरमागे ८ पोती धरली तर ४९० पोती सिमेंट. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा "आता कोर्ट स्वस्तात होईल" असे कोणी म्हणाले होते. पोत्याची करापूर्वीची किंमत ३०० रुपये धरली तर पोत्यामागे ३० रुपये वाचतात, एकूण १४,७००. चांगलेच आहे, पण वीस लाखांच्या कामात ते जिलबीवरच्या केशराएवढे. दुसरी गोष्ट वेळेची. काँक्रीटवर पाणी मारून ते २८ दिवस मुरू द्यावे लागते, त्याआधी ॲक्रिलिक लावले तर खालच्या ओलीने फोड येऊन थर सुटतो. उद्घाटनाच्या तारखेसाठी हे २८ दिवस कोणी कापायला सांगितले तर आपण नाही म्हणायचे.

आता खरा मुद्दा. इथपर्यंतचा खर्च एकदाच होतो आणि तो द्यायला कोणी ना कोणी उभा राहतो. पुढचा खर्च दरवर्षी होतो आणि तो द्यायला कोणी येत नाही. ॲक्रिलिकचा वरचा थर साधारण पाच वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. फुटाला २५ रुपये धरले तर पूर्ण कोर्टाला एक लाख त्रेसष्ट हजार, म्हणजे दर वर्षाचे ३२,७००. झाडलोट आणि राखण महिना ४,०००, वर्षाचे ४८,०००. चेंडू, जाळ्या, रिंगा १२,०००. वीज ११,५००. जाळी आणि गटाराची डागडुजी १५,०००. एकूण वर्षाला १,१९,२००, म्हणजे महिन्याला सुमारे दहा हजार.

बँकेतला माणूस याचा उलटा हिशेब करतो. दरवर्षी एवढे व्याज हवे असेल तर साडेसहा टक्क्यांनी १८ लाख ३४ हजारांची मुदत ठेव लागते. म्हणजे वीस लाखांचे एक कोर्ट पटांगणात बांधायचे आणि जवळजवळ तेवढेच दुसरे बँकेत ठेवायचे. पहिल्यावर नावाची शिळा बसते. दुसऱ्यावर बसत नाही. म्हणून आपल्या देशात पहिली कोर्टे पुष्कळ आहेत आणि दुसरी कुठे दिसत नाहीत.

निधी म्हणजे काय, याबद्दलही स्पष्ट बोलू. खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी १९९३ मध्ये सुरू झाला आणि आज तो प्रत्येक खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. विधायकांचा निधी वेगळा आणि नगर निगमच्या ८५ वॉर्डांतल्या पार्षदांमार्फत होणारी कामे वेगळी. या सगळ्याचा उगम एकच, तुमचा-आमचा कर. खासदार निधीतून मालमत्ता उभी राहते, पण ती चालवण्याची आणि सांभाळण्याची जबाबदारी ती वापरणाऱ्या संस्थेकडे येते. म्हणजे ते बांधणार, हार घालून घेणार, आणि दर महिन्याचे दहा हजार आपण शोधणार.

आपल्या शहराने एकेकाळी राजाश्रय पाहिला. होळकरांच्या संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे आपल्या घराघरात आजोबांनी सांगितली आहेत. पण संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, त्यालाही आता पाऊणशे वर्षे उलटली. आपली कंबर मात्र अजून दरबारात वाकल्यासारखी वाकते. निधी मिळाला की आपण "उपकार झाले" म्हणतो. उपकार कसले? पैसा आपला आहे. मागायचा तो हक्काने आणि घ्यायचा तो अटींवर.

लॉनच्या सूचनेबद्दल. पैसा मिळेल हे खरे, आम्ही ते नाकारत नाही. पण इंदूरमध्ये मांगलिक भवने आणि लॉन यांची वाण नाही. मुलांना फाटकातून सरळ आत शिरता येईल अशी मोकळी जागा मात्र आपल्या भागात हीच एक उरली आहे. आम्ही नावनोंदणीची वही ठेवली तेव्हा ४६ मुला-मुलींनी नावे लिहिली. त्यात १९ मुली आहेत. त्यांतली एक, मागच्या वस्तीतल्या डबे करणाऱ्या बाईंची मुलगी, दोन बस बदलून रेसकोर्स रोडवरच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सला जात होती. हिवाळ्यात परतताना अंधार पडू लागला तसे तिचे जाणे बंद झाले. ती वाईट खेळत नव्हती. तिला फक्त उशीर होत होता. आमच्या यादीत दिवे दीड लाखांचे आहेत आणि कोणीतरी म्हणाले की दिवे ही चैन आहे. ज्यांना दुपारी वेळ आहे त्यांच्यासाठी ती चैन असेल. या मुलीसाठी दिवे म्हणजेच कोर्ट आहे.

तेव्हा आमची शिफारस अशी. पूर्ण कोर्ट आज बांधू नये. अर्धे बांधावे, पण पूर्ण बांधावे. म्हणजे आकार अर्धा, काम मात्र मातीपासून दिव्यापर्यंत एकही थर न गाळता.

अर्धे कोर्ट ही तडजोड वाटेल, पण तो आता स्वतंत्र खेळ आहे. एक रिंग, दोन्हीकडे तीन-तीन खेळाडू, दहा मिनिटांचा सामना किंवा आधी २१ गुण करील तो जिंकला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये झाले तेव्हापासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. याचे मैदान १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब. चारी बाजूंनी दोन मीटर सोडले तर १९ गुणिले १५, म्हणजे २८५ चौरस मीटर. पटांगणाची १५ मीटर लांबी त्यात जाते आणि तब्बल २५ मीटर उरते. म्हणजे गणपती जिथे बसतो तिथेच बसेल, कोजागरीचे दूध तिथेच आटेल आणि मांडवाचा एकही खिळा ॲक्रिलिकमध्ये ठोकावा लागणार नाही. गाड्यांना मात्र बाहेर जावे लागेल. त्यांच्या मालकांनी आम्हाला क्षमा करावी.

त्याचा खर्च त्याच दरांनी : माती-मुरूम १,५०,०००, काँक्रीट २,३०,०००, ॲक्रिलिक १,३८,०००, एक खांब-बोर्ड ७०,०००, जाळी १,८३,०००, दिवे ७५,०००, निचरा ४०,०००. एकूण ८,८६,०००. करासह १०,४५,४८०. म्हणजे ज्या १० लाखांत पूर्ण कोर्टाचे नुसते कवच मिळणार होते, त्यातच हे टिकाऊ काम जवळजवळ होते. वरचे ४५ हजार आपण वर्गणीतून काढू.

निचऱ्याबद्दल एक ओळ जास्त. कोर्टाला एका बाजूला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार द्यायचा, म्हणजे पाणी साचत नाही. आपल्याकडे वर्षाला साधारण तीन फूट पाऊस पडतो. २८५ चौरस मीटरवरचे ते पाणी अडीच लाख लिटर होते. ते नाल्यात सोडण्याऐवजी आपल्या बोअरिंगजवळच्या शोषखड्ड्यात नेऊ. नर्मदेचे पाणी सत्तर किलोमीटरवरून उपसून आणणाऱ्या शहरात एवढे तरी आपण करावे.

आता देखभाल. अर्ध्या कोर्टाची वर्षाची देखभाल, त्याच पद्धतीने, सुमारे ७३,००० होते. मंडळाच्या इमारत निधीतले ५ लाख आपण वेगळी मुदत ठेव म्हणून ठेवू, मुद्दलाला हात लावायचा नाही. त्याचे व्याज ३२,५००. ४६ मुलांपैकी १६ जणांकडून फी घेणे शोभणार नाही. उरलेल्या ३० जणांकडून महिना १५० रुपये, दहा महिने, म्हणजे ४५,०००. बेरीज ७७,५००. चार हजार शिल्लक राहतात, त्यात चेंडू येतील. हीच रक्कम पूर्ण कोर्टाला लावून पाहिली तर दरवर्षी ४१,७०० कमी पडतात, आणि तूट आली की पहिले दिवे बंद होतात. अंथरूण पाहून पाय पसरावेत. मुलांची संख्या दुप्पट झाली तर पुढची सर्वसाधारण सभा लांबी वाढवील, जागा कुठेही जात नाही.

शेवटी अटी. आम्ही चार ठरावांचा मसुदा जोडला आहे.

पहिला, दोन फूट माती निघाल्याशिवाय आणि मुरूम दाबल्याचे मंडळाच्या माणसाने पाहिल्याशिवाय काँक्रीट नाही.

दुसरा, वरील ५ लाखांची ठेव काम सुरू होण्याआधी करायची, नंतर नाही.

तिसरा, संध्याकाळी ५ ते ७ ही वेळ मुलींची. कोर्टावर लग्नाचा मांडव, भट्टी किंवा गाडी कोणाचीही नाही, अध्यक्षांचीही नाही.

चौथा ठराव काहींना आवडणार नाही. फाटक सर्वांना उघडे राहील. मागच्या वस्तीतल्या मुलांना "तुम्ही कुठले?" असे कोणी विचारणार नाही. मागच्या सभेत एक वाक्य ऐकू आले की मंडळ मराठी माणसांचे, मग पटांगण बाहेरच्यांना का? बंधूंनो, आपल्याही पूर्वजांना या शहरात कोणीतरी जागा दिली होती. आणि कायद्याने बोलायचे तर सार्वजनिक पैशाची मालमत्ता सार्वजनिक वापराची असते. सगळ्यांचा कर घ्यायचा आणि फाटकाला आपल्यापुरते कुलूप लावायचे, हे होणार नाही. पाटी मराठीत आणि हिंदीत लावू. मुले कोणत्या भाषेत ओरडतात ते त्यांचे त्यांना ठरवू द्या.

नावाची शिळा हवी असेल तर ती जरूर लावावी. पण तिच्यावर नावाखाली एकूण खर्च, ठेकेदाराचे नाव आणि किती वर्षांची हमी, या तीन ओळी असाव्यात. मागची नगर निगम निवडणूक २०२२ मध्ये झाली, पुढची २०२७ मध्ये यायची आहे. तेव्हा दारावर येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण एवढेच विचारू : बांधाल किती हे नंतर सांगा, सांभाळणार कोण ते आधी सांगा.

लोकप्रतिनिधींनी या अटींवर १० लाख दिले तर त्यांचे स्वागत आहे. नाही दिले तर आम्ही थांबू. तडकलेल्या कोर्टापेक्षा मोकळी माती बरी, मुले तिच्यावर निदान पळू तरी शकतात.

हिशेबाचे कागद दारापाशी ठेवले आहेत. चूक सापडली तर जरूर दाखवा, आम्ही आभारच मानू. मतदान आता लगेच घेऊ या आणि पोहे-जिलबी त्यानंतर, असे अध्यक्षांनी सुचवले आहे. क्रम उलटा झाला तर कोरम टिकत नाही, हा आपला जुना अनुभव आहे.